बाळ दिवसा गाढ, रात्री टक्क जागं: तान्ह्यांच्या झोपेचा धागा (कोल्हापूर आणि आसपास)

राजारामपुरी_आठवी_गल्ली

बाळ-बाळंतीण धाग्यावर झोपेचेच प्रश्न इतके साचलेत की बाकीचं काही सापडेनासं झालंय, म्हणून हा वेगळा धागा. पहिल्या तीन महिन्यांपुरता. पुढच्या झोपेचं गणित निराळं, ते इथं नको.

आधी अपेक्षा जरा खाली आणूया. रात्रभर सलग झोपणारं बाळ पहिल्या दीड-दोन महिन्यांत सहसा बघायला मिळत नाही, आणि मिळालंच तर आधी त्याचं वजन करून बघावं. तान्हं बाळ चोवीस तासांत १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्या-तुकड्यांनी, कारण पोट एवढंसं. पहिल्या दिवशी एका वेळी ५ ते ७ मिली दूध मावतं, तिसऱ्या दिवशी २५ मिलीच्या आसपास, आठवड्याचं झालं की ४५ ते ६०. आईचं दूध दीड-दोन तासांत पचतं. तेव्हा दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावं लागलं तर काही बिघडलंय असं समजू नका.

दुसरं, दिवस-रात्र ओळखणारं घड्याळ बाळाकडं जन्मतः नसतं. अंधार पडल्यावर झोप आणणारं मेलाटोनिन त्याच्या शरीरात तयार व्हायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. तोवर आईच्या रात्रीच्या दुधातून थोडं मिळतं. दूध काढून साठवणाऱ्यांनी डब्यावर वेळ लिहावी आणि रात्रीचं दूध रात्रीच द्यावं, ते यासाठी.

आपल्या हातात राहतं ते एवढंच: दोन पाजण्यांमधला तुकडा थोडा लांबवणं, मधल्या जागरणाचा तमाशा होऊ न देणं, आणि हे करताना बाळाच्या श्वासाशी खेळ न करणं. विचारा आता.

उचगाव_फाटा

बाळ २० दिवसांचं, पूर्ण दिवसांचं, वजन चांगलं वाढतंय. रात्री ११ ते ४ डोळे टक्क उघडे. न्हाऊ घालणाऱ्या मावशी सकाळी दहाला येतात. न्हाऊन, पिऊन झोपलं की दुपारी दोनशिवाय उठत नाही. घरात सगळे म्हणतात, झोपलेल्या बाळाला उठवायचं नसतं. काय करावं?

राजारामपुरी_आठवी_गल्ली

चोर तिथंच सापडला. चार तासांची सर्वांत लांब झोप दुपारी खर्ची पडते, मग रात्रीच्या वाट्याला काय उरणार? दिवसा तीन तासांच्या वर झोपू देऊ नका, अडीच तास झाले की उठवायला लागा. एकदम हलवून नाही. पडदा सरकवा, दुपटं सोडा, लंगोट बदला, तळपायावर अंगठा फिरवा, आणि अंगाला लावा. डोळे मिटलेलेच असले तरी पितं.

मावशींची वेळ बदलता आली तर बघा. मालिश-अंघोळ चारच्या पुढं नेली की त्यानंतरची गाढ झोप संध्याकाळकडं सरकते. नाहीच जमलं तर अंघोळ सकाळीच ठेवा आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला नुसतं खोबरेल हातावर कोमट करून पाय-पोट-पाठ पाच-सात मिनिटं चोळा. जोर लावायचा नाही, सांधे ओढायचे नाहीत.

अंघोळीबद्दल एक. पाणी ३७-३८ अंश पुरे, कोपर बुडवल्यावर जाणवलंही नाही पाहिजे. आपल्याकडं बंबाचं कढत पाणी पायांवर घेतलेल्या बाळावर ओततात, बाळ रडून-रडून दमतं आणि मग "बघा कसं शांत झोपलं" म्हणतात. ती झोप दमल्याची असते. नाक-कानात तेल तर मुळीच नको, नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. नाळ पडेपर्यंत ओल्या फडक्यानं पुसून काढलं तरी चालतं.

उचगाव_फाटा

आणि रात्री उठल्यावर? लाईट लावावा लागतोच.

पन्हाळ्याचं_धुकं

ट्यूबलाईट नको. झिरोचा पिवळा किंवा लाल बल्ब बाळाच्या डोळ्यांत येणार नाही असा खाली, जमिनीलगत लावा. मोबाईलचा उजेडही बाळाच्या चेहऱ्यावर नको. रात्री नऊनंतर लंगोट-दुपटी, पुसायचं फडकं, पाण्याचा तांब्या, आईसाठी खायला काहीतरी, सगळं अंथरुणाशेजारी हाताच्या अंतरावर मांडून ठेवा. रात्रीचं पाजणं लांबतं ते वस्तू शोधण्यात.

क्रम असा ठेवा: बाळ चुळबुळ करायला लागलं, तोंड हाताकडं वळवायला लागलं की रडायच्या आत घ्या. रडून तापलेलं बाळ नीट पकडत नाही, हवा गिळतं, पंधरा मिनिटांचं काम पाऊण तासावर जातं. एक बाजू पूर्ण रिकामी होऊ द्या. मग ढेकर. मग बदलायचंच असेल तर लंगोट, आणि दुसरी बाजू झोपेच्या गुंगीत. लंगोट सगळ्यांत शेवटी बदलला की आलेली झोप मोडते. शी नसेल आणि डायपर फार भिजलेलं नसेल तर रात्री हातच लावू नका.

बोलायचं नाही, डोळ्यांत बघून हसायचं नाही, आजी-आजोबांना "बघा कसं बघतंय" म्हणून उठवायचं नाही. दिवसा मात्र उलटं. उजेड, भांड्यांचा आवाज, गप्पा, कुकरची शिट्टी, सगळं चालू द्या. बाळ झोपलंय म्हणून दिवसा घर अंधारं करून सगळ्यांनी चवड्यावर चालायचं, हा प्रकार बंद. असं रोज केलं तर सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमाराला रात्रीचा एक तुकडा चार-पाच तासांचा होऊ लागतो.

मिसळ_कट

+१. आणि पाच मिनिटं पिऊन झोपणारी बाळं! ती परत चाळीस मिनिटांत उठणारच न्हवं? सुरुवातीला पातळ दूध येतं, तहान भागवणारं. चरबीचं घट्ट दूध नंतर. ते पोटात गेल्याशिवाय झोप टिकत न्हाई. पिता-पिता डोळा लागला तर स्तन हातानं हलका दाबून धार द्यायची, कानाची पाळी चोळायची, झबलं काढून आईच्या उघड्या अंगाला लावायचं. गरम गुंडाळून पाजाय बसलं की बाळ दोन घोटांत खल्लास.

गारगोटी_एसटी

तुळईला साडीची झोळी बांधली की दोन मिनिटांत झोपतं. पाळण्यात ठेवलं की पाठ टेकताच जागं. रात्रभर झोळीत ठेवलं तर काय बिघडतं? शेजारी माणूस असतोच.

बिंदू_चौक

शेजारी माणूस असतो, पण तोही झोपलेला असतो. झोळीत बाळाची पाठ कमानीसारखी वाकते आणि हनुवटी छातीला टेकते. तान्ह्याची श्वासनलिका मऊ आणि बारीक, मान स्वतः सावरायची ताकद नाही. नळी वाकली की श्वास कमी पडतो, आणि यात आवाज होत नाही; बाळ रडत नाही, खोकत नाही. शिवाय साडीचं कापड दोन्ही बाजूंनी तोंडावर येतं. दिवसा, कुणीतरी जागं राहून, नजरेसमोर थोडा वेळ झोळी हलवली तर हलवा. गाढ लागली की सपाट जागी उतरवा. हीच गोष्ट कारच्या सीटची आणि तिरक्या झोपाळ्यांची.

सपाट म्हणजे किती सपाट? १० अंशांपेक्षा जास्त उतार नको. गादी हातानं दाबली तर लगेच वर यावी, बाळाचं डोकं रुतून खळगा पडता कामा नये. कापसाची नवी फुगीर गादी यासाठी वाईट. त्यापेक्षा जुनी घट्ट वाकळ चार पदरी घडी करून, वर चादर ताणून खाली खोचलेली चांगली. तीच वाकळ बाळाच्या अंगावर मात्र नको, ती तोंडावर सरकते. उशी नको, लोड नको, मऊ खेळणी नकोत.

लाकडी पाळणा असेल तर गजांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावं, आणि रात्री झोका बंद करून खिट्टी घालावी. कडी आणि दोर महिन्यातून एकदा ओढून बघा. वरची वापरलेली कडी बहुतेक घरांत आजोबांच्या काळातली असते.

आणि बाळ उताणं. प्रत्येक झोपेला, दिवसाही. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळाला उताणं झोपवायची मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू पुढच्या दहा वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. दुसरा ते चौथा महिना सर्वांत जोखमीचा.

गारगोटी_एसटी

उताणं झोपवल्यावर दूध उलटलं तर घशात नाही का अडकणार? सगळे कुशीवर झोपवायला सांगतात.

बिंदू_चौक

उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेल्या दुधाला नळीत शिरायला चढ चढावा लागतो. पालथं केलं की तोच उतार होतो. कुशीवर ठेवलेलं तान्हं बाळ तर थोड्या वेळात गडगडून पालथंच होतं, म्हणून मधला मार्ग म्हणून कुशी निवडू नका. गुळणी टाकणाऱ्या बाळाला पाजल्यावर २०-३० मिनिटं खांद्यावर उभं धरा, मग सपाट ठेवा. गादीखाली उशी सारून डोकं वर केलं की बाळ घसरून खाली गोळा होतं, फायदा शून्य.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

पाठ टेकताच जागं होण्यावर. तान्ही बाळं मोठ्यांसारखी थेट गाढ झोपेत जात नाहीत. आधी चंचल झोप: पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ हसल्यासारखे होतात, श्वास वरखाली. या वेळी खाली ठेवलं की ती उठणारच. दहा-पंधरा मिनिटं कडेवर राहू द्या. हात उचलून सोडला तर लोंबता पडला, मूठ उघडी झाली, की गाढ लागली. मग ठेवताना आधी पाय, मग कुल्ले, मग पाठ, शेवटी डोकं. डोकं आधी टेकलं तर बाळाला पडल्यासारखं वाटतं आणि दोन्ही हात फेकून ते दचकतं. ठेवल्यावर लगेच हात काढू नका, छातीवर तळहात मिनिटभर तसाच. चादर गार असेल तर आधी दुपटं आपल्या अंगाखाली घेऊन कोमट करून अंथरा.

याच चंचल झोपेमुळं आणखी एक गोची होते. बाळ कण्हतं, कुंथतं, हातपाय झाडतं, एखादा "ऊं" काढतं, आणि आई लगेच उचलते. बऱ्याचदा ते झोपेतच असतं. उचलून आपणच उठवतो. मिनिटभर थांबा, बघा. आवाज चढत गेला तर घ्या, विरला तर सोडून द्या. झोपेचा एक फेरा पाऊण ते एक तासाचा, म्हणजे अशी चुळबुळ रात्रीत कितीतरी वेळा होणार.

श्वास पाच-दहा सेकंद थांबून मग भराभर चालणं या वयात असतं. २० सेकंदांच्या वर थांबला किंवा ओठ निळे झाले तर मात्र १०८.

उचगाव_फाटा

दचकून उठण्यासाठी घट्ट बांधून ठेवायला सांगतात. बांधावं का?

पन्हाळ्याचं_धुकं

बांधा, पण छाती आणि कंबर या दोन जागा सांभाळून. मलमलचं चौकोनी दुपटं, बाजू मीटरभर. सुती साडीचा जुना मऊ तुकडा सर्वांत छान. फ्लॅनेल आणि लोकर नको. शंकरपाळ्यासारखं तिरकं अंथरा, वरचं टोक वीतभर आत दुमडा. त्या घडीवर खांदे येतील असं बाळाला उताणं ठेवा, मान घडीच्या वर. उजवा हात अंगालगत सरळ, किंवा कोपरात दुमडून छातीवर. उजवीकडचं टोक छातीवरून डाव्या कुशीखाली. मग खालचं टोक वर आणा, सैल. डावा हात आत घेऊन डावीकडचं टोक उजवीकडं पाठीखाली.

आता तपासणी. छातीवर दोन-तीन बोटं सहज जायला हवीत. पाय आत बेडकासारखे दुमडता आणि फाकता यायला हवेत. आपल्याकडं पाय सरळ व्हावेत म्हणून गुडघे जुळवून आवळून बांधतात, त्यानं खुब्याचा सांधा निखळतो. पाय आपोआप सरळ होतात, त्यांना दोरीची गरज नाही. आणि सैल बांधलेलं दुपटं रात्रीत सुटून तोंडावर येतं, म्हणून वरची घडी खांद्यालगतच राहिली पाहिजे.

बांधलेलं बाळ कधीही पालथं किंवा कुशीवर नाही. कुशीवर वळायची पहिली खटपट दिसली, कुणाची दोन महिन्यांत, कुणाची तीन, की त्या रात्रीपासून हात मोकळे. ज्या बाळाला बांधलेलं आवडत नाही त्याच्यावर जबरदस्ती करू नका.

शाहूपुरी_तालीम

एवढा शास्त्रार्थ कशाला? जायफळाचे दोन वेढे, वेखंडाचा एक वेढा सहाणेवर, आईच्या दुधात चाटवा. पिढ्यान्‌पिढ्या बाळं झोपली त्यावर. सगळं जुनं ते वाईट असं नसतं.

बिंदू_चौक

सगळं जुनं वाईट असं इथं कुणी म्हटलेलं नाही. मालिश जुनीच, दुपटं जुनं, वाकळही जुनी. तिन्हींना वर मान मिळालाय. गुटीचं मात्र वेगळं. जायफळ मेंदूवर अंमल करतं, बाळ झोपतं ते त्या अंमलानं. वेढा किती मोठा, जायफळ किती तेलकट, हात किती जड, याचं माप नाही. तीन-चार किलोच्या जिवाला कालच्यापेक्षा आज दुप्पट गेलं तर कळणार कसं? गुंगीतलं बाळ पिण्यासाठी उठत नाही, वजन अडतं. त्यात सहाण, पाणी, बोट यांतून जुलाब होतात ते वेगळंच. याचं टोकाचं रूप म्हणजे बाळागोळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची ती गोळी देऊन कामाला जायच्या. बाळं शांत झोपायची आणि खंगायची.

मध तर वर्षाच्या आत बोटाला लावूनसुद्धा नको, त्यातल्या जंतूंच्या बीजांनी बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा आजार होतो. सहा महिने आईचं दूध, आणि डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब. पाणीही नको.

मिसळ_कट

तालीम, रागावू नका. म्हाताऱ्या माणसांचा मान राखायचा एक रस्ता आहे: सहाण उगाळू द्या, आणि बाळाच्या तळपायाला लावू द्या. फायदा न्हाई, तोटा बी न्हाई. (वेखंड मात्र नको, नाजूक कातडीला चुरचुरतं.)

शाहूपुरी_तालीम

तळपायाला! बरं. मग खोलीत शेगडी आणि शेपा-वावडिंगाची धुरी तरी चालते का, का तीही बंद?

बिंदू_चौक

शेगडी बंद खोलीत अजिबात नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बाळ-बाळंतीण दोघंही गुंगतात. शेकायचं असेल तर कापडी पुरचुंडी तव्यावर गरम करून आईला द्या. धुरीनं बाळाचं नाक चोंदतं, आणि नाक चोंदलेलं बाळ पिता-पिता श्वास घेऊ शकत नाही, कारण ते तोंडानं श्वास घ्यायला अजून शिकलेलं नसतं. त्या रात्री झोप विसरा. चोंदलंच तर मीठपाण्याचे तयार थेंब मिळतात. पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत एक-एक.

रंकाळा_टॉवर

कोल्हापुरात एप्रिलला घामटा, जुलैत ओल, डिसेंबरच्या रात्री १५ अंशांपर्यंत. कपडे किती घालायचे? आमच्याकडं बारा महिने कुंची, मोजे, वर दुपटं.

पन्हाळ्याचं_धुकं

आपल्या अंगावर जेवढं, त्यावर एक पदर. हातपाय गार लागणं हे थंडीचं लक्षण धरू नका, तान्ह्यांचे ते गारच असतात. मानेमागं किंवा छातीवर दोन बोटं ठेवा. कोमट म्हणजे ठीक. घामट किंवा तापलेलं म्हणजे एक पदर काढा. तापलेलं बाळ नीट झोपत नाही, आणि अति उष्णता झोपेतल्या मृत्यूचं एक कारणही आहे. कुंची आणि टोपडं झोपताना घरात नको, कारण बाळाची बरीचशी उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते आणि टोपडं डोळ्या-नाकावर घसरतं. कमी वजनाचं किंवा आठवड्याच्या आतलं बाळ थंडीत असेल तर डॉक्टर सांगतील तसं.

एप्रिल-मेत पंखा लावा, झोत छताकडं किंवा भिंतीकडं. एसी असेल तर २५-२६. जुलैत कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, दमट लंगोट बांधला की बाळ वीस मिनिटांत किंचाळतं. लंगोट-दुपटी इस्त्री फिरवून कोरडी करा. जमिनीवर थेट अंथरूण घालत असाल तर खाली प्लास्टिकची चटई, आणि सकाळी वाकळ उभी करून ठेवा, नाहीतर खालून बुरशी धरते.

रात्रीपुरतं डायपर वापरायला हरकत नाही. कापडी लंगोट प्रत्येक शूला ओला होतो, डायपर तीन-चार तास निभावतं. नाळ असेपर्यंत पुढची कड खाली दुमडा. मुलगा असेल तर शूची जागा खाली वळवूनच बंद करा. पाठ-पोट भिजून उठण्याचं अर्धं कारण हे असतं. मांडीची झालर बाहेर ओढलेली हवी, आत मुडपलेली असली की गळतं.

रंकाळा_टॉवर

रोज संध्याकाळी सात ते दहा नुसतं रडतं. सगळे म्हणतात रात्री डबा (पावडरचं दूध) द्या, पोट भरलं की झोपेल.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

संध्याकाळची किरकिर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते, सहाव्याच्या आसपास टिपेला जाते, तीन-चार महिन्यांत ओसरते. दर वेळी भूक नसते. निम्म्यांदा बाळ अति दमलेलं असतं: या वयात सलग जागं राहायची ताकद ४५ मिनिटं ते तास, पाजण्याची वेळ धरून. कुठंतरी टक लावून बसलं, भुवया लालसर झाल्या, जांभई आली की अंधाऱ्या खोलीत न्यायचं. रडू आलं म्हणजे वेळ टळून गेलीय. पाहुणे सात वाजताच येतात, त्यांना आल्या पावली चहा देऊन रवाना करा.

या वेळात दर अर्ध्या-पाऊण तासाला प्यायला मागितलं तर पाजा. रात्रीच्या लांब तुकड्याची ती साठवण असते. तरी थांबलं नाही तर बाळाला हाताच्या कोपरापासून पंजापर्यंत पालथं धरा, डोकं कोपराजवळ, पोट आपल्या हातावर, आणि खोलीत चाला. हे जागेपणी, झोपवायला नाही. आपलाच संयम सुटायला लागला तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून पाच मिनिटं बाहेर गच्चीवर जा. गदागदा हलवणं कधीच नाही, त्यानं मेंदूत रक्तस्राव होतो.

डब्याचं: त्यानं रात्र लांबतेच असं नाही. पण पहाटेच्या पाजण्या चुकल्या की आईचं दूध घटतं, कारण दूध तयार करणारं संप्रेरक रात्रीच जास्त असतं. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर द्या, डब्यावर लिहिलेल्या मापानंच. बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला सपाट एक चमचा असतो. लवकर पोट भरावं म्हणून घट्ट केलं की बाळाला तहान आणि शी घट्ट; पुरवायचं म्हणून पातळ केलं की उपाशी. पाणी उकळून, वाफाळतं असतानाच पावडर टाका, कारण पावडर निर्जंतुक नसते; मग अंगाइतकं कोमट होऊ द्या. उरलेलं फेकून द्या. वाटी-चमचा किंवा बोंडलं, दोन्ही दहा मिनिटं उकळून.

मिसळ_कट

एक प्रश्न कुणी विचारंना म्हणून मीच: आईनं तांबडा रस्सा खाल्ला तर बाळाच्या पोटात आग पडते का?

पन्हाळ्याचं_धुकं

तिखट दुधात उतरत नाही. आईला सोसत असेल तर खाऊ दे. चहा-कॉफीवर मात्र लक्ष ठेवा. कॅफिन मोठ्या माणसाच्या अंगातून पाचेक तासांत निम्मं होतं, तान्ह्याला तेवढ्यासाठी तीन-चार दिवस लागतात. रोजचं थोडं-थोडं साचत जातं. दिवसाला दोन कप चहा ठीक, सहा कप चहा पिणाऱ्या बाळंतिणीनं बाळ का जागतं म्हणून विचारू नये.

टोप_संभापूर

उलट प्रश्न. बाळ सहा दिवसांचं, रात्री सहा-सहा तास उठत नाही. नशीबवान आहोत ना?

बिंदू_चौक

आजच दाखवा. जन्मवजन परत येईपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, रात्रीही तीन तासांवर उठवून पाजायचं असतं. पहिल्या आठवड्यात कावीळ चढली की बाळ झोपाळू होतं, झोपाळू झालं की पीत नाही, पीत नाही म्हणून कावीळ आणखी चढते. उन्हाच्या उजेडात कपाळ, छाती, पोट, तळपाय बोटानं दाबून सोडा. पोटाच्या खाली पिवळं दिसलं तर थांबू नका. २४ तासांत सहापेक्षा कमी वेळा शू, काखेत ताप ३८ अंश किंवा त्याहून जास्त, अंग गार पडणं, मिनिटाला ६० च्या वर श्वास, बरगड्या आत ओढल्या जाणं, यातलं एक जरी असलं तरी रात्र सरायची वाट न बघता सीपीआर (कोल्हापूरचा सरकारी दवाखाना) किंवा जवळचं बालरुग्णालय. दवाखान्यात बाळंतपण झालेल्यांकडं आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांच्याकडं वजनकाटा आणि थर्मामीटर असतो, वजन दर वेळी लिहून घ्या. रोज २०-३० ग्रॅम वाढ होत असेल तर पुढं रात्री मुद्दाम उठवायची गरज राहत नाही.

टोप_संभापूर

डॉक्टरांना फोन केला, बाळाला घेऊन निघतोय. धन्यवाद.

उचगाव_फाटा

डास? आणि आमच्या गल्लीत गणपतीचा मांडव दारातच, आवाजाचं काय?

राजारामपुरी_आठवी_गल्ली

डासांना छत्रीसारखी मच्छरदाणी, संध्याकाळी पाचलाच लावायची, आत डास नाही हे टॉर्चनं बघून. कडा गादीखाली खोचा, बाळाचा हात जाळीला टेकणार नाही एवढी मोठी घ्या. कॉइल आणि अगरबत्ती बाळाच्या खोलीत नको, अंगाला लावायची मलमं दोन महिन्यांच्या आत नकोत.

आवाजासाठी कानात कापसाचे बोळे घालू नका. ते आत सरकतात आणि आवाज फारसा अडवतही नाहीत. रस्त्याकडची खिडकी बंद, बाळाचं अंथरूण घराच्या आतल्या खोलीत, मधली दोन दारं लावून. पंख्याची संथ घरघर पुरते. मोबाईलवर पावसाचा आवाज लावायचाच असेल तर बाळापासून सहा-सात फुटांवर, बारीक, आणि झोप लागली की बंद. भिंती थरथरणारा डीजे असेल तर मिरवणुकीच्या रात्रीपुरतं बाळ-बाळंतिणीला दुसऱ्या पेठेतल्या नातेवाइकांकडं हलवा. पाळणा नेता येत नसेल तर तिथं जमिनीवर घट्ट वाकळ, उताणं, आईच्या हाताच्या अंतरावर पण वेगळ्या अंथरुणात. सोफ्यावर पाजता-पाजता डोळा लागू देऊ नका, बाळ फटीत घसरतं.